मा. नोटटेकर साहेबांस : आम्ही असं बोललोच नव्हतो

प्रति,
मा. नोटटेकर साहेब,
ऑनलाइन सभांचे स्वयंनियुक्त एआय चिटणीस,
मुक्काम : क्लाउड.

विषय : आम्ही न बोललेलं आपण तत्परतेनं लिहून घेतल्याबद्दल आभार मानणेबाबत.

संदर्भ : सभा संपता संपता आपल्याकडून आलेलं आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेचं इतिवृत्त.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण मला ओळखणार नाही. आवाजावरून माणूस ओळखता, असा आपला दावा आहे खरा. पण आपल्या कागदावर मी नुसता 'वक्ता 4' आहे आणि समोरच्या फ्लॅटमधली चार माणसं मिळून 'वक्ता 1' आहेत. त्या घरातले आजोबा, मुलगा, सून आणि नातू एकाच मोबाइलभोवती बसले होते. त्यामुळे इतिवृत्तात 'वक्ता 1' यांनी प्रस्ताव मांडला, 'वक्ता 1' यांनीच त्याला कडाडून विरोध केला आणि शेवटी 'वक्ता 1' यांनी 'वक्ता 1' यांना 'तुम्ही मध्ये बोलू नका, बीपीची गोळी घेतली का?' असं विचारलं. एकाच माणसाच्या मनातलं द्वंद्व इतकं उघडं आमच्या नाटकवाल्यांनाही कधी दाखवता आलं नाही.

आमच्या गावाचं नाव आपण बरोबर लिहिलंत, त्याबद्दल अभिनंदन. जिल्हा तेवढा बुलढाणा लिहिलात. बुलढाण्यात मलकापूर आहे, कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यातही आहे. आम्ही मात्र कराडला खेटून, पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला, आगाशिवच्या डोंगराखाली राहतो. चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर या योजनेमुळं आमचं एवढंसं गाव देशभर माहीत झालं. आपल्याला ते माहीत नसणं स्वाभाविक आहे. आगाशिवनगरचं आपण 'आग शिव नगर' केलंत, तेव्हाच मी समजलो की पाहुणा नवखा आहे. सभेत कुणीतरी 'कोयनेचं पाणी' म्हणालं, ते आपल्याकडे 'कोणाचं पाणी' झालं. त्यावर बेंगळुरूच्या एका फ्लॅटमालकानं ईमेल केली, की पाण्याच्या मालकीचा वाद होता तर फ्लॅट विकताना का सांगितलं नाही. अजून त्यांची समजूत काढणं चालू आहे.

आपण एकटे आला असता तरी आमचं भागलं असतं. निम्मे सभासद खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून आणि निम्मे मोबाइलवर, अशी आमची सभा. पुण्याच्या सभासदानं स्वतःचा नोटटेकर आणला, बेंगळुरूवाल्यानं त्याचा. न्यू जर्सीत मध्यरात्र झाली होती, म्हणून तिथले सभासद झोपले आणि त्यांनी नुसता नोटटेकर पाठवला. पडद्यावरचा हजेरीचा आकडा बघून अध्यक्षांनी गणपूर्ती झाल्याचं जाहीर केलं. कोरमअभावी अर्धा तास तहकूब न होता आमची सभा सुरू झाल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. हे श्रेय सर्वस्वी आपल्या बिरादरीचं.

सुरुवात रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीनं झाली. संस्थेतले एक जुने सभासद वर्षभरात वारले होते. पार्किंगमधले उठून उभे राहिले, मोबाइलवरचे आपापल्या घरी उभे राहिले. दोन मिनिटं पंख्याची घरघर आणि लांबून महामार्गावरचा एखादा हॉर्न, बाकी काही नाही. इतिवृत्तात त्या जागी छापलंय : 'व्हिडिओ आवडला असेल तर लाइक करा, चॅनलला सबस्क्राइब करायला विसरू नका. भेटूया पुढच्या भागात.' हे इतिवृत्त त्या गृहस्थांच्या पत्नीनंही वाचलं, एवढंच आपल्या कानावर घालतो. त्या काही बोलल्या नाहीत.

असं का झालं, याची मी चौकशी केली. आपल्या घराण्याचं बरंचसं शिक्षण इंटरनेटवरच्या आवाजांवर आणि त्यांच्याखालच्या सबटायटलांवर झालंय. तिथं बोलणारा गप्प झाला म्हणजे व्हिडिओ संपत आला आणि व्हिडिओ संपताना लोक काय म्हणतात, ते आपल्याला तोंडपाठ. कुणी काही बोललं नाही तर काही लिहू नये, हे मात्र शिकवायचं राहून गेलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2024 साली आपल्या कुळातल्या 'व्हिस्पर' या नामांकित पुरुषाची परीक्षा घेतली, तीही त्याला चांगली येणाऱ्या इंग्रजीत. सुमारे 1 टक्का तुकड्यांमध्ये कुणी न उच्चारलेली अख्खी वाक्यं निघाली. त्यातली 38 टक्के नुसती निरुपद्रवी बडबड नव्हती. कुणाच्या तोंडी मारामारी घातलेली, कुणाला भलतंच नातं चिकटवलेलं. बोलता बोलता जे जास्त थांबतात, आजारपणामुळं ज्यांना शब्द पटकन सापडत नाही, त्यांच्या तोंडी अशी वाक्यं जास्त गेली. म्हणजे जो अडखळतो, त्याच्या वतीनं आपण बोलता. किती हा परोपकार!

याच 'व्हिस्पर'ची दहावी-बारावीची गुणपत्रिकाही मी पाहिली. ओपनएआय कंपनीनं सप्टेंबर 2022 मध्ये त्याला बाहेर काढलं, ते 6,80,000 तासांचं ध्वनिमुद्रण ऐकवून. त्यात मराठी बोलणं आणि त्याचं मराठीतलं लेखन किती होतं? शोधनिबंधाच्या परिशिष्टात कंपनीनंच आकडा दिलाय : एका तासाहूनही कमी. 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख, केंद्रानं 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा दिलेला, आणि या मुलाचा मराठीचा एक तासही पुरा भरलेला नाही. आमच्याकडे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

पुढे आपल्या कुळातल्या धाकट्यांनी अभ्यास वाढवला, हे मान्य केलं पाहिजे. केंद्र सरकारची 'भाषिणी' आली, आयआयटी मद्रासच्या 'एआय फॉर भारत'नं इथल्या भाषांचे आवाज गोळा केले. आता बातम्या वाचणाऱ्या बाईंचं मराठी आपण जवळजवळ बिनचूक उतरवता. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना बोलणं पडद्यावर लगेच वाचायला मिळतं, हीही लहान गोष्ट नाही. अडचण एवढीच, की आमच्या सभेत कुणी बातम्या वाचत नाही. आमच्या सभेत भांडतात, तेही एका वेळी तिघं.

आता मूळ मुद्दा.

विषयपत्रिकेवर गच्चीची गळती होती. दुरुस्तीसाठी प्रत्येक फ्लॅटमागं जादा वर्गणी काढायचा ठराव आला. पहिल्या मजल्यावरचे आबा उठले. जन्म इथला, शेती इथली, बोलीही इथलीच. ते म्हणाले, 'ही जादा वर्गणी आमास्नी मंजूर न्हाय.' सिंकिंग फंडातले पैसे आधी वापरा, मग आमच्याकडं या, असं त्यांचं म्हणणं. सरळ, हिशेबी आणि पार्किंगमधल्या निम्म्या लोकांना पटलेलं. सातारा-सांगलीकडच्या बोलीत 'न्हाय' आणि 'हाय' यांत फरक असतो तो एका 'न'चा, तोही 'ह'ला चिकटलेला. त्याच वेळी महामार्गावरनं एक ट्रक हॉर्न देत गेला आणि जाताना तो 'न' घेऊन गेला.

इथपर्यंत आपली चूक पदरात घेण्यासारखी होती. आवाज घुमत होता, मोबाइल लांब होता, माणसाच्या कानालाही चुकायला झालं असतं. पण आपण सुशिक्षित. 'मंजूर हाय' हे आपल्याला अशुद्ध वाटलं, म्हणून आपण ते नीट केलंत. इतिवृत्तात आलं : 'ही जादा वर्गणी आम्हाला मंजूर आहे.' साहेब, 'हाय' तसंच ठेवलं असतं तर वाचणाऱ्याला शंका तरी आली असती. आबा असं म्हणाले असतील का, काही ऐकायचं राहिलं का, असा विचार कुणीतरी केला असता. 'मंजूर आहे' या धुऊन इस्त्री केलेल्या वाक्यावर शंका घ्यायची कुणी? आपण चूक केलीत आणि वरून ती शुद्धलेखनात झाकलीत.

एकदा आबा राजी झाले म्हटल्यावर पुढचं सोपं होतं. सिंकिंग फंडाचा 'शिंकिंग फंड' करून आपण त्याला बाजूला काढलंत. ठराव 'एक माताने मंजूर' झाला. ही माता कोण, याचा शोध चालू आहे. मग आपला सर्वांत लाडका भाग आला, सारांश आणि 'कृती मुद्दे'. गच्चीवर सोलर बसवायचं का, या प्रश्नावर सचिव 'बघू' म्हणाले होते. मलकापूरपासून मुंबईपर्यंत कुणालाही विचारा, 'बघू' म्हणजे होणार नाही. आपण लिहिलंत : 'सचिव प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल देतील.' प्लंबर पैसे घेऊन गायब झाल्याचं कळल्यावर एकजण चिडून 'त्याच्या आयला!' म्हणाला. कृती मुद्दा क्रमांक 3 : 'प्लंबरच्या आईशी संपर्क साधणे. जबाबदारी : वक्ता 6.' वक्ता 6 सध्या कुणाशीच संपर्क साधत नाहीत.

आपल्याआधी हे काम करणारी माणसं होती. आपल्याला नावंही ठाऊक नसतील, म्हणून सांगतो. गावोगाव टायपिंगचे वर्ग होते. दुपारी त्या गल्लीतून गेलं तर टकटकाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. राज्य परीक्षा परिषदेची मराठी 30, मराठी 40 ही परीक्षा काढायची, जमलं तर लघुलेखन शिकायचं, 60 शब्दांपासून 120 शब्दांपर्यंत वेग न्यायचा, मग सरकारी कचेरीत लघुलेखकाची जागा मिळायची आशा. ज्या गोदरेज टाइपरायटरवर ही बोटं तयार झाली, तो शेवटच्या काळात आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात बनायचा. 2011 मध्ये कंपनीकडे शेवटची काहीशे यंत्रं उरली, तीही बहुतेक अरबी कळफलकाची, तेव्हा त्याची बातमी जगभर छापून आली. एका मिनिटात 120 शब्द हा वेग आपल्याला हास्यास्पद वाटेल. पण त्या लघुलेखकाची एक खोड होती : शब्द कळला नाही की तो मान वर करून 'साहेब, परत सांगा' म्हणायचा. विचारायची सोय नसली तर वहीत तेवढी जागा कोरी सोडायचा आणि नंतर विचारून भरायचा. साहेबांच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून लिहिणारा लघुलेखक दुसऱ्या दिवशी आवक-जावक विभागात दिसला असता.

आमच्या विधिमंडळात सभागृहातलं बोलणं उतरवून घेणारे प्रतिवेदक आहेत, चांगले परीक्षा देऊन आलेले. तरीही त्यांच्या कच्च्या प्रतीवर 'असुधारित प्रत' असं ठळक छापलेलं असतं. म्हणजे माणसानं कान देऊन लिहिलेलंही तपासल्याशिवाय पक्कं धरायचं नाही, हा तिथला शिरस्ता. आपल्या इतिवृत्तावर मात्र पहिल्या क्षणापासून 'अंतिम'.

आणि मागे जायचं तर आपल्याला झेपेल का पाहा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रण नव्हतं. जे लोक चक्रधरांच्या सहवासात होते, त्यांच्याकडे ते गेले आणि विचारून विचारून लिहिलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. लिहिणारा समोर बसून ऐकत होता, समजून घेत होता, आणि त्याला समजत होतं याची बोलणाऱ्याला खात्री होती. मराठी गद्याचं भलं करणारी ही दोन्ही कामं लेखनिकांनीच केली; पण त्यांतल्या एकालाही प्रवचनाच्या मध्येच चॅनल सबस्क्राइब करावंसं वाटलं नाही.

आपली बाजू घेणारे मला म्हणाले, अहो, सुप्रीम कोर्टातही आता हे चालतं. चालतं ना! 21 फेब्रुवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयात घटनापीठापुढं पहिल्यांदा यंत्रानं सुनावणी जागच्या जागी लिहून काढली आणि ती सुनावणी होती आमच्या महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाची. पण ती प्रत दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तपासायची, मग प्रसिद्ध करायची, असं न्यायालयानं ठरवलं होतं. शिवसेनेच्या खटल्याला जी काळजी लागते, ती आमच्या गच्चीच्या गळतीला नको, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं पावसाळ्यात आमच्या चौथ्या मजल्यावर राहून बघावं.

दवाखान्यांतही आपलं येणं-जाणं वाढलंय. एक काळ असा होता, की अमेरिकेतले डॉक्टर दिवसा बोलून ठेवत आणि इथली पोरंपोरी कानाला हेडफोन लावून ते टाइप करत. मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणत त्याला. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' असा घोळ झाला की ती पोरं रेकॉर्ड मागे नेऊन पुन्हा ऐकत, तरी कळलं नाही तर जागा मोकळी सोडून खूण करत. ऑक्टोबर 2024 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं दाखवून दिलं, की 'व्हिस्पर'च्या पायावर उभं केलेलं एक साधन रुग्णालयांत वापरलं जातं आणि ते लेखन झाल्यावर मूळ आवाजच पुसून टाकतं. माहिती सुरक्षित राहावी म्हणून. चोरी होऊ नये म्हणून तिजोरीच जाळून टाकण्याचा हा उपाय मोठा नामी आहे.

आमच्याकडेही तेच झालं. आबांना थकबाकीची नोटीस गेली : 'आपण सभेत मान्य केलेली वर्गणी मुदतीत भरली नाही, सबब व्याज.' आबा ती घेऊन सचिवांकडे गेले आणि म्हणाले, 'म्या कवा मंजूर म्हनलो?' सचिवांनी मूळ ध्वनिमुद्रण शोधलं. आपली फुकटची योजना घेतली होती आणि फुकटच्या योजनेत ध्वनिमुद्रण ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीसं होतं. उरलं ते आपलं इतिवृत्त. एका बाजूला आबांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला आपलं शुद्ध मराठी. पार्किंगमध्ये बसलेल्या पंधरावीस माणसांनी स्वतःच्या कानांनी 'न्हाय' ऐकलेलं. पण कागद बघितल्यावर त्यांच्यातलेच दोघं-तिघं म्हणायला लागले, 'मला वाटतं, शेवटी शेवटी हो म्हणाले असतील.' साहेब, ऐकलेलं विसरायला लावण्याची ही ताकद आपल्यात आहे, याचा आपल्या जाहिरातीत उल्लेख नाही. तो जरूर करावा.

सगळं खापर आपल्यावर फोडणं अन्यायाचं होईल. पूर्वी सचिव रजिस्टरमध्ये हातानं इतिवृत्त लिहायचे आणि पुढच्या सभेत त्यातल्या शब्दाशब्दावर भांडण व्हायचं. 'मी असं म्हणालोच नाही', 'हे नंतर घुसवलंय', 'खोडाखोड कुणी केली'. त्या भांडणाला आम्ही कंटाळलो होतो. पण ते भांडण म्हणजेच तपासणी होती, हे आता कळतंय. आपलं इतिवृत्त आलं तेव्हा सचिवांनी ते न वाचता अध्यक्षांना पाठवलं, अध्यक्षांनी न वाचता सही केली, मग ते ग्रुपवर पडलं आणि सभासदांनी धडाधड अंगठे दाखवले. पूर्वी ज्याला वाचता येत नसे तो अंगठा द्यायचा. आता वाचता येणारेच न वाचता देतात. विचारलं तर उत्तर एकच : 'एआयनं लिहिलंय.' चुकीचं लिहिणारा सचिव पुढच्या निवडणुकीत पाडता तरी येत होता. आपल्याला कुठल्या मतपेटीतून पाडायचं?

ज्या गावात पाण्याचा थेंबन् थेंब मीटरमधून जातो, तिथं माणसाचा शब्द मात्र मोजमापाशिवाय वाहून जातोय. म्हणून आपल्याला काही विनंत्या. आपण त्या मान्य कराल, अशी आशा नाही. पण इतिवृत्तात तरी येऊ द्या.

एक : जे ऐकू आलं नाही तिथं जागा कोरी सोडावी. आपल्या सुरेख वाक्यापेक्षा ती कोरी जागा आम्हाला जास्त उपयोगी पडेल, कारण ती बघून आम्ही आबांना विचारू.

दोन : आमची बोली सुधारू नये. ती बिघडलेली नाही.

तीन : सभा गप्प असेल तेव्हा आपणही गप्प राहावं.

चार : इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत मूळ आवाज जपावा.

पाच : सभेला येताना दारात विचारून यावं. आमचे आवाज कुठल्या देशातल्या संगणकावर जाऊन बसतात, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे; 2023 साली संसदेनं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केलाय, तो आमच्या पार्किंगलाही लागू होतो असं आम्ही धरून चालतो.

सहा : गणपूर्तीत आपल्याला धरलं जाणार नाही. वर्गणी भरायची तयारी असेल तर पुनर्विचार करता येईल.

आबांच्या नोटिशीचा विषय पुढच्या सभेपुढं आहे. त्या दिवशी संस्थेतला एक पोरगा वही-पेन घेऊन पुढच्या खुर्चीवर बसणार आहे. तो टायपिंग शिकलेला नाही, लघुलेखन तर नाहीच. त्याला एवढंच सांगितलंय, की कळलं नाही तर हात वर करून विचार. आपणही यावं, आपली प्रतही करावी. दोन्ही प्रती शेजारी ठेवून सभेत वाचू आणि जिथं जुळणार नाहीत तिथं बोलणाऱ्याला उभं करू.

या पत्राचा सारांश काढण्याची तसदी आपण घेऊ नये. 'सभासदाने सेवेबद्दल समाधान व्यक्त केले' असाच तो निघेल, याची मला खात्री आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद (हजर),
मलकापूर, ता. कराड, जि. सातारा. बुलढाणा नव्हे.

प्रत : अध्यक्ष व सचिव यांना, वाचून सही करण्यासाठी.